किशोरच्या नावाचा कॉल

ऊन वर यायच्या आत सांभार, म्हणजे कोथिंबीर, उपटून व्हावा लागे. दव आहे तोवर पान ताठ राहतं, मग मान टाकतं. सिंदी मेघे गावाच्या कडेला, जिथं नव्या लेआउटचे खांब संपतात आणि काळी जमीन सुरू होते, तिथं भैय्याजी नासऱ्याची दीड एकराची वाडी होती. एक विहीर, विहिरीच्या काठी मोटारीची टिनाची टपरी, आणि मग वाफे. सांभाराचे, पालकाचे, पलीकडे वांगी. बांधावर ओलं गोणपाट अंथरून त्यांची बायको रुख्मिणी पाय लांब करून बसायची. मूठभर सांभार, मुळ्या एका रांगेत, केळीच्या सोपटाचा वेढा, गाठ. मूठभर सांभार, वेढा, गाठ. हाताच्या त्या चालीवर तिची ओवी चालायची.

सांभाराची जुडी बाई, मुळी राहो तिची ओली

एवढं म्हणून ती थांबायची. पुढच्या ओळीत लेकाचं नाव घ्यायचं असतं. तिच्या आईनं तसंच शिकवलं होतं. पहिल्या ओळीत हातातलं काम, दुसऱ्या ओळीत पोटचं नाव. थोरल्याचं आधी, धाकट्याचं मागून. थोरल्याला वगळून धाकट्याचं घेता येत नाही. थोरला जाऊन सहा वर्षं झाली होती. सहा वर्षं ती पहिली ओळ म्हणायची, दुसऱ्या ओळीच्या जागी गाठ मारायची आणि पुढची मूठ उचलायची.

धाकटा निकेश समोरच सायकलच्या कॅरिअरला टोपली बांधत असायचा. सूतगिरणी बंद पडली त्याला चार वर्षं झाली. तिथं तो तीन वर्षं होता. भरलेल्या कांड्या काढायच्या, रिकाम्या लावायच्या. गेटला कुलूप लागलं त्या दिवसापासून ही सायकल. त्याची बायको जया वांगी तोडायची आणि चार वर्षांची हर्षा तिच्या मागं मागं, खाली पडलेली वांगी फ्रॉकमध्ये गोळा करत.

आणि भैय्याजी मोटार सुरू करायचे. मोटार दुसऱ्या कुणी सुरू करायची नाही, असा त्या घरचा न बोललेला नियम होता. टपरीत लाकडी फळी टाकलेली. तिच्यावर म्हातारा चढायचा, चप्पल घालून, आणि हातभर लांब सुक्या बांबूनं स्टार्टरचं बटण दाबायचा. हात लावायचा नाही. मोटार घुरघुरली की बांबू खिळ्याला अडकवून खाली उतरायचा. याच स्टार्टरवर शॉक लागून थोरला किशोर गेला होता. आयटीआय वायरमन झालेला पोरगा, आठ वर्षं नोकरीची वाट पाहता पाहता लोकांच्या मोटारी दुरुस्त करायचा, आणि गेला तो घरच्या मोटारीवर. सत्याण्णवच्या कार्तिकात, सकाळी, पायाखाली ओल होती.

*

फेब्रुवारी महिना होता, दोन हजार चारचा. दुपारी नवा पोस्टमन आला. अंगणात सायकल उभी करून त्यानं पाकिटावरचं नाव मोठ्यानं वाचलं.

"किशोर भैय्याजी नासरे कोन आहे?"

जया भांडी घासत होती. तिचं लग्न किशोर गेल्यावर वर्षभरानं झालं. दीर तिला माहीत होता तो भिंतीवरच्या फोटोतला, आणि या घरात कुणी त्याचं नाव घेत नाही हे तिला आल्या आठवड्यातच समजलं होतं. राखेचा हात तसाच धरून ती उभी राहिली.

"थे नाईत," ती म्हणाली.

"मंग कवा येतील? सरकारी आहे."

रुख्मिणी आतून आली. "आन इकडं," म्हणाली आणि पदरात पाकीट घेतलं. पदरातच गुंडाळून ती भिंतीला टेकून खाली बसली. तिला वाचता येत नव्हतं, पण पाकिटावरचा शिक्का तिच्या ओळखीचा होता. तसाच शिक्का कार्डावर होता.

त्या कार्डाची गोष्ट घरात तिलाच ठाऊक होती. एकोणनव्वद साली किशोरनं रोजगार कार्यालयात नाव नोंदवलं. दर तीन वर्षांनी जून महिन्यात कार्डावर नवी तारीख मारून आणावी लागे. ती चुकली की नंबर गेला, मग रांगेच्या शेवटी. किशोर मोटारीच्या कामावर असायचा, रुख्मिणी तसंही बाजारात जायची. "माय, तूच मारून आनजो," तो म्हणायचा. "महिना चुकू देजो नको. माह्या पुढचे पोट्टे लागत चालले, आता माहाच नंबर आहे." पुढं निकेशचंही कार्ड झालं. टोपलीच्या तळाशी, फडक्यात गुंडाळून, ती दोन्ही कार्डं न्यायची.

किशोर गेल्यानंतरच्या जूनमध्ये तिनं फडकं उघडलं, तर दोन कार्डं होती. एक काढून ठेवणं तिच्या हाताला जमलं नाही. खिडकीतल्या बाबूनं विचारलं, "थो काऊन नाई आला?" ती म्हणाली, "बाहेरगावी आहे." बाबूनं तारीख टाकली. तीन वर्षांनी पुन्हा तेच. दोनदा ती खोटं बोलली, आणि दोन्ही वेळा परत येताना तिला हलकं वाटलं होतं, जणू पोराचा डबा पोचवून आली.

*

पत्र वाचलं ते प्रभाकररावांनी. ते कुठल्याशा कार्यालयातून कारकून म्हणून निवृत्त झालेले, आता ओट्यावर बसून अख्ख्या वस्तीचे अर्ज लिहून द्यायचे. पोट्टे वाढले तसे अर्ज वाढले होते. चष्मा वर करून त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"पानीपुरवठ्याची जागा आहे. पंप ऑपरेटर. कायम. मुलाखत मार्चच्या आठ तारखेले. कार्ड, आयटीआयचं, शाळेचा दाखला, सगळं घेऊन या म्हनते." मग ते रुख्मिणीकडं बघत राहिले. "वहिनी, मानूस गेल्यावर कार्ड चालू कसं?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

प्रभाकररावांनी पत्राची घडी घातली. मग हळू आवाजात म्हणाले, "पंधरा वर्षांनी कॉल आला आहे. असा कॉल फाडून टाकाले जीव होत नाई. निकेशले मोटारीचं काम येते का?"

"भाऊच शिकवून गेला," निकेश म्हणाला. तो दाराशी उभा होता.

"दाखल्यावर फोटो नसते. कार्डावरचा फोटो एकोणनव्वदचा, तो पुसट झाला. नाक-डोये तं तुमचे सारखेच आहेत. अन मयतीचा दाखला?"

"काढलाच नाई," निकेश म्हणाला. "कोनाले पाह्यजे होता?"

"मंग कागदावर तो आहेच," प्रभाकरराव म्हणाले. ओट्यावरून उठताना रुख्मिणीनं पत्र मागून घेतलं आणि पोलक्यात ठेवलं.

घरी जेवताना भैय्याजींना कळलं. म्हाताऱ्याचा हात ताटात थांबला.

"तू जात होती थिकडं? त्याच्या नावानं?"

"जात होती."

"ज्याले मी या हातानं आग देल्ली, त्याले तू नोकरीवर धाडून राह्यली."

त्यांनी भाकरीचा तुकडा ताटाच्या कडेला ठेवला, हात धुतला आणि वाडीकडं निघून गेले. ताट तसंच राहिलं. हर्षा म्हणाली, "आजोबा काऊन गेले?" जयानं तिच्या तोंडात घास घातला.

*

दुसऱ्या दिवशी निकेश नालवाडीत सायकल घेऊन फिरत होता. पालक, सांभार, वांगी. गल्लीत त्याच्या पुढं एक हातगाडी होती, मागं दुसरी सायकल. घेणारे मोजके, विकणारे रांगेनं. हातगाडीवाला प्रेमदास, सूतगिरणीतला त्याचा मुकादम. तेव्हा शिट्टी गळ्यात अडकवून खात्यात फिरायचा, आता टमाटर निवडत होता.

"काय रे, कांडीबहाद्दर," प्रेमदास म्हणाला. "आजबी माह्या मागंच?"

"तुम्ही तवाबी पुढंच होते, मुकादम."

"आता तं चौकातले अर्धे आपलेच खात्यातले दिसते. मी परवा हजेरीच घेणार होतो." तो हसला, मग एक टमाटर दाबून बाजूला टाकला. "तुहं कार्ड चालू आहे का?"

"आहे."

"माहं गेलं. वय निंघून गेलं. आता तारीख मारली तरी काय अन नाई मारली तरी काय."

वरच्या गच्चीवरून एका बाईनं हाक मारली, "ए सांभारवाला." निकेशनं मान वर केली. खाली येऊन, अर्धा किलो वांगी घेऊन तिनं वर सांभाराची जुडी मागितली, फुकट. त्यानं अर्धी तोडून दिली. तिनं उरलेली अर्धी त्याच्या टोपलीतून स्वतःच उचलली आणि दार लावलं. दिवसभरात त्याला कुणी नावानं हाक मारली नाही. संध्याकाळी सायकल ढकलत येताना चाकाच्या आवाजात तो पुटपुटला, "किशोर नासरे. किशोर भैय्याजी नासरे." जीभ अडखळली नाही, आणि त्याचंच त्याला भ्या वाटलं.

घरी येऊन तो आईला म्हणाला, "माय, मी जातो."

रुख्मिणी चुलीपुढं होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. "जा," म्हणाली.

*

मग रोज संध्याकाळी प्रभाकररावांच्या ओट्यावर शिकवणी सुरू झाली.

"नाव?"

"निके..."

"बस खाली. उठ. आत ये. नाव?"

"किशोर भैय्याजी नासरे."

"जन्म?"

"सत्तर."

"चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरचा दिसत नाईस, ते बरं झालं. उन्हानं तुले भावाचं वय आनून देल्लं. सही कर."

किशोरची सही जुन्या वहीत सापडली होती. शेवटच्या अक्षराला तो लांब शेपूट काढायचा, वायर सोडल्यासारखं. निकेशनं पाटीवर शंभर वेळा ते शेपूट काढलं. चौथ्या दिवशी प्रभाकरराव म्हणाले, "सही जमली. आता कान. तिथं बाहेर कोनी ओळखीचा भेटला, निकेश म्हनून हाक मारली, अन तू वळला तं खेळ खलास. घरच्यांनी बी आतापासून त्याले किशोरच म्हना. अन निकेश म्हटलं तं तू आयकाचंच नाई. दगड."

घरी ते कसं म्हणायचं हे कुणाला कळेना. रुख्मिणीनं पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. "किशोर, पानी घे." सहा वर्षांनी ते नाव तिच्या तोंडातून बाहेर आलं आणि समोरून कुणीतरी हात पुढं केला. तांब्या घेतला. पाणी प्यालं. ती त्या गळ्याच्या घाटीकडं पाहत राहिली. त्या दिवसापासून तिला ते म्हणायची ओढ लागली. किशोर, टोपली बांधली का. किशोर, उन्हात टोपी घालजो. ट्रंकेतला किशोरचा आकाशी सदरा तिनं काढला, दोन दिवस उन्हात ठेवला. निकेशला तो खांद्यात बरोबर बसला.

भैय्याजी त्या दिवसांत वाडीतच जेवायचे. घरात आले तर त्या पोराकडं बघायचे नाहीत.

जयानं इस्त्रीसाठी तांब्यात निखारे भरून तो सदऱ्यावर फिरवला. कॉलरची घडी बसवताना ती सासूला म्हणाली, "आई, एक विचारू?"

"विचार."

"नोकरी लागली तं पगार किशोरच्या नावानं. कागदावर नवरा कोन? जो गेला तो. मंग मी कोनाची?" तांब्या तिनं फडक्यावर टेकवला. "अन पोट्टीले पुढच्या साली शाळेत टाकाचं आहे. बापाचं नाव काय लिहू?"

रुख्मिणी "पोट्टीच्या पोटाले तं लागते ना," एवढंच म्हणाली.

"लागते," जया म्हणाली. "मी कोठं नाई म्हनून राह्यली. माहे हात पाहा." तिनं वांग्याच्या काट्यांनी ओरखडलेले हात पुढं केले आणि पुन्हा मागं घेतले. "फक्त विचारून राह्यली."

थोड्या वेळानं हर्षा अंगणातून ओरडत आली, "बाबा, बाबा, माहा भोवरा." निकेश पाटीवर सही काढत होता. पोरीनं दोनदा हाक मारली तेव्हा त्यानं मान वर केली, आणि तीही अशी की जणू दुसऱ्याच्या घरचं लेकरू बोलतं आहे.

*

मुलाखत तीन दिवसांवर आली होती. भैय्याजी बाजारात गेलेले. दहाच्या सुमाराला वांग्याला पाणी द्यायचं होतं आणि मोटार बंद पडलेली. रुख्मिणी पाटाच्या दाऱ्यावर फावडं घेऊन वाट पाहत होती. तिनं टपरीकडं पाहिलं तर निकेश आत शिरला होता. अंगात आकाशी सदरा. चार दिवस तो अंगातून काढत नव्हता, सवय व्हावी म्हणून. त्यानं स्टार्टरच्या पेटीचं झाकण उघडलं. बांबू खिळ्यालाच होता. फळी बाजूला सरकलेली. रात्री पाइप गळला होता आणि टपरीत ओल होती. त्याचे पाय उघडे होते.

सदऱ्याची पाठ. घामानं दोन खांद्यांच्या मध्ये काळं झालेलं तेच टिकलीएवढं ठिगळ, तिनंच लावलेलं.

"निकेश," ती ओरडली.

पाठ हलली नाही. हात आत गेला.

"निकेश, हात नको लावू. निकेश."

फावडं टाकून ती धावली. वाफ्यात पाय रुतला, सांभार तुडवला गेला, लुगडं पायात आलं. पाठ तशीच. तिच्या तोंडातून आपोआप दुसरं नाव निघालं.

"किशोर."

तो वळला. हात बाहेर आला. "काय वो माय?"

ती त्याच्या मनगटाला धरून तशीच चिखलात बसली.

"लाइन नाई आहे," तो म्हणाला. "लोडशेडिंग. बारा वाजता येईल. फ्यूजच पाहून राह्यलो."

"मी तुले हाक मारली."

"आता मारली, म्हनून वळलो."

"त्याच्या आधी मारली. तीन डाव. तुह्या नावानं. आयकू नाई आली?"

निकेशनं सदऱ्याच्या बाहीनं कपाळ पुसलं. तो खोटं बोलू शकला असता.

"आयकू आली," तो म्हणाला. "पन मले वाटलं, दुसऱ्या कोनाले मारून राह्यली."

विहिरीवर एक पारवा फडफडला. लांब रस्त्यानं एसटी गेली. ती मनगट धरून होती, आणि त्या मनगटातली नाडी कुणाची म्हणून लागते आहे, हे तिला ठरवता येईना.

*

त्या दिवसापासून तिनं त्याला किशोर म्हटलं नाही. निकेशही म्हटलं नाही. नुसतं "आयक रे" म्हणायची. सात तारखेच्या संध्याकाळी ती म्हणाली, "नको जाऊ, बाप्पा."

"आता नको म्हनते? कार्ड कोनं चालू ठेवलं?" तो चिडला नव्हता, थकला होता. "माय, मी एकोणतीसचा झालो. माह्या नंबरले कॉल यायले अजून पंधरा वर्षं. तवा वय नसंन. मुकादमासारखा टमाटर दाबत बसू का? मी जाईनच."

"मंग मी बी येतो."

"तू कायले?"

"कार्ड नेहमी मीच नेलं," ती म्हणाली.

सकाळी तिला सायकलच्या मागं बसवून तो निघाला. तिच्या मांडीवर टोपली, टोपलीच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेली कागदं. भैय्याजी वाडीच्या फाटकाशी उभे होते. सायकल जवळून गेली तेव्हा ते बाजूला झाले. त्यांची नजर सदऱ्यावरून हलली नाही.

कार्यालयाच्या व्हरांड्यात बाकं होती. एका जागेसाठी चाळीसेक जण आले होते. सगळे एकोणनव्वद-नव्वदचे नंबर. पोट्टे म्हणून नाव नोंदवलेले आता कुणाचं टक्कल, कुणाच्या मिशीत पांढरं. एकानं लेकीला आणलं होतं, ती बापाच्या फायलीवर डोकं ठेवून झोपली होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पंधरा वर्षं ते एकाच रांगेत एकमेकांच्या मागं उभे होते आणि आज पहिल्यांदा तोंडं दिसत होती. रुख्मिणीला वाटलं, यातल्या किती जणांच्या नावावर दुसरं कुणी बसलं असेल. मग वाटलं, किती बाकं रिकामी आहेत, आणि ती रिकामी आहेत हे कुणाला दिसतं का.

निकेश ताठ बसला होता. मांडीवरचे हात एकमेकांत अडकवलेले. ओठ हलत होते.

दार उघडलं. म्हातारासा चपराशी बाहेर आला, हातात यादी. चष्म्यातून बघत त्यानं मोठ्यानं नाव घेतलं.

"किशोर भैय्याजी नासरे."

व्हरांडा लांब होता, छत उंच. नाव त्या टोकापर्यंत गेलं आणि परत आलं. रुख्मिणीला आठवलं, किशोरच्या शाळेत असं एकदा नाव पुकारलं होतं, बक्षिसाला. त्यानंतर त्याचं सगळं नाव, बापाच्या नावासकट, कुणी असं चारचौघांत घेतलं नव्हतं. तिरडीजवळ सुद्धा नाही. तिथं सगळे "पोरगा, पोरगा" म्हणत होते.

"किशोर भैय्याजी नासरे," चपराशी पुन्हा म्हणाला.

निकेश उठायला लागला. गुडघे ताठ झाले, बाक करकरलं. तिनं त्याचं मनगट धरलं. तीस वर्षं मुठी आवळून गाठी मारलेला हात होता तो. तरी निकेशला तो सोडवता आला असता. त्यानं आईकडं पाहिलं. तिचं लक्ष त्याच्याकडं नव्हतंच. ती दाराकडं बघत होती, दाराच्या पलीकडं, जिथून एखादं माणूस उशिरा धापा टाकत येईल. तो हळूहळू खाली बसला.

चपराशानं यादीवर पेन टेकवला.

"भाऊ," रुख्मिणी म्हणाली. "एकडाव अजून पुकारता का?"

"तुमचा कोन आहे?"

"तुम्ही पुकारा तं."

चपराशानं तिच्याकडं पाहिलं, मग बाजूच्या सदऱ्याकडं. त्याला काय कळलं कुणास ठाऊक. त्यानं घसा साफ केला आणि आधीपेक्षा सावकाश, एकेक शब्द सुटा करून नाव घेतलं. मग तो थांबला. वाऱ्यानं यादीचं पान हललं. झोपलेली पोरगी बापाच्या मांडीवर कूस बदलून पुन्हा झोपली. कुणी उठलं नाही.

"गैरहजर," चपराशी म्हणाला. लिहिलं. पुढचं नाव घेतलं.

*

सायकल रस्त्यावर आली तेव्हा निकेश पायडल न मारता बराच वेळ नुसता हातात धरून चालला.

"तुले माहीत होतं," तो म्हणाला. "धरशील म्हनून."

"नाई. कसम."

"मंग काऊन आली होती?"

"मले वाटलं, आपन जाऊ, तुले बसवू." ती सावलीसावलीनं चालत होती. "पुकारलं, अन मले वाटलं, तो आला तं? तुह्या अंगात सदरा पाहून मागं फिरंल."

रेल्वे फाटकाशी थांबून निकेशनं सदरा काढला, घडी केली आणि तिच्या टोपलीत ठेवला. आत बनियन होती. तसाच सायकलवर बसला. "बस मागं," म्हणाला. घर येईपर्यंत त्याच्या बनियनच्या पाठीवर घाम पसरत गेला. तो रडत होता का, ते तिला पाठीवरून कळलं नाही.

जया दारात होती. दोघांना पाहून तिनं हर्षाला पुढं ढकललं, "जा, बाबा आले." पोरगी धावली. निकेशनं तिला पहिल्या हाकेला उचललं. मग जया आत जाऊन भाकरी थापायला बसली. थापताना एक हात मध्येच थांबला, तेवढंच. नोकरी गेली होती, जी आलीच नव्हती.

संध्याकाळी भैय्याजी कित्येक दिवसांनी घरात जेवायला बसले. अर्धी भाकरी संपवली. मग ताटाकडं पाहतच म्हणाले,

"पुकारलं का नाव?"

"पुकारलं," रुख्मिणी म्हणाली. "तीन डाव."

"मोठ्यानं?"

"लय मोठ्यानं. लांबच्या लांब आयकू गेलं."

म्हाताऱ्यानं घास चावला, गिळला. "कसं पुकारलं?"

तिनं तसंच सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "किशोर. भैय्याजी. नासरे."

"माहं बी नाव घेतलं?"

"तुमचं बी घेतलं."

"अन मंग?"

"मंग थांबला थो. वाट पाह्यली त्यानं."

भैय्याजींनी मान हलवली. पाण्याचा तांब्या उचलून बराच वेळ तोंडाला लावून ठेवला.

*

दुसऱ्या दिवशी दव भरपूर होतं. तुडवलेल्या वाफ्यातला सांभार तिनं आधी उपटला, जेवढा वाचला होता तेवढा. गोणपाटावर ढीग करून ती बसली. टपरीत भैय्याजी होते, आणि त्यांच्या शेजारी निकेश. फळी नीट बसवून म्हातारा त्याला बांबू कसा धरायचा ते दाखवत होता. त्याच्या हातात बांबू दिला. मोटार घुरघुरली. निकेश पाटाच्या कडेनं पाण्याच्या पुढं पुढं चालत दारं फोडायला गेला.

मूठभर सांभार, वेढा.

सांभाराची जुडी बाई, मुळी राहो तिची ओली
किशोर बाई लेक माझा, हाक त्याले कुठं गेली

ती थांबली. वाऱ्यानं वांग्याची पानं हलली. पाणी पाटातून सरकत होतं. व्हरांड्यात चपराशी थांबला होता तेवढा वेळ ती थांबली, आणि गाठ मारली.

पुढची मूठ उचलली.

सांभाराची जुडी बाई, पान हिरवं दवात गं
निकेश बाई लेक माझा, उभा ओल्या वाफ्यात गं

पलीकडच्या दाऱ्यावरून फावड्याचा आवाज बंद झाला.

"ओ," निकेश म्हणाला. "मले बोलावलं का, माय?"

"हाव," ती म्हणाली. "तुलेच."